तांबडा, काळा, हिरवा : सड्यावरच्या चित्रांच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२४

पहिलं चित्र आज सकाळी सुरू झालं आणि जेवायच्या आत फाडूनही टाकलं. विषय साधा होता. मालवण तालुक्यातला आमच्या जुन्या घरामागचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, त्याच्या कडेला चार काजूची झाडं, लांब समुद्राची पट्टी. अर्ध्या ताव कागदावर जलरंग. वाईट झालं नव्हतं. कॅलेंडरवर खपलं असतं.

फाडलं कारण मी त्यातून खाण काढून टाकली होती. सड्याच्या मधोमध चिऱ्याची, म्हणजे बांधकामासाठी कापलेल्या जांभ्याची खाण आहे, गावच्या मैदानाएवढी, आणि माझ्या हाताने तिथे गवत रंगवलं. ठरवून नाही. कॉलेजात निसर्गचित्राच्या तासाला शिकवलेलंच तसं. विजेचे खांब गाळायचे, तारा गाळायच्या, पत्र्याचं छप्पर दिसलं की त्यावर कौलं चढवायची आणि जमलं तर एक बैलगाडी घालायची. तीस वर्षांत ते हातात इतकं मुरलंय की डोळ्यांना विचारायच्या आत हात सफाई करून मोकळा होतो.

या मालिकेपुरता एकच नियम घालून घेते : समोर आहे ते गाळायचं नाही. आकडा ठरवत नाही, वर्षभरात होतील तेवढी.

११ फेब्रुवारी

खाणीत उतरले. मुकादमाने आधी सरकारी माणूस समजून चहा दिला, चित्रं काढते म्हटल्यावर दुसरा कप दिला नाही.

रुळांवर चालणारं गोल पात्याचं यंत्र आधी उभे काप घेत जातं, मग आडवे. तळ असा चौकोनांत कापला गेला की पहारीने एकेक चिरा उचकटायचा. एक थर संपला की त्याखालचा. त्यामुळे खाणीच्या भिंतींवर पायऱ्यापायऱ्यांच्या आडव्या रेघा राहतात आणि सगळं वहीच्या पानासारखं आखीव दिसतं. सड्यावर दुसरीकडे कुठेही सरळ रेघ नाही. चित्रकाराला याहून उघड खूण कोण देणार.

रंगाचं म्हणाल तर वरून नुसता तांबडा दिसणारा जांभा खाली उतरल्यावर तांबडा राहत नाही. तांबड्यात जांभळट शिरा, पिवळे ठिपके, मधेच पांढऱ्या शेडूचे डोळे. लोखंडाची ऑक्साइडं आणि चिकणमाती यांचं हे मिश्रण. हेमटाइटचा तांबडा, गोएथाइटचा पिवळा, केओलिनचा पांढरा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात लोक हा दगड मऊ असताना कापतात आणि हवेवर कडक झाल्यावर घराला लावतात हे पाहिलं आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. आपल्या ‘चिरा’ शब्दात निदान चिरणारा हात तरी आहे.

एक गोष्ट खाली उतरल्याशिवाय कळली नसती. खाणीतल्या सावल्या निळ्या नसतात. चारी भिंतींवरून तांबडा उजेड परत फिरतो, त्यामुळे सावलीही गरम असते. एका मजुराचा पांढरा सदरा वर काठावर पांढरा होता, तळाशी पोचला तेव्हा गुलाबी. बाहेरचा निळसर छाया-रंग इथे लावला तर भोक मेल्यासारखं दिसेल.

फुटलेला एक चिरा मागून आणला आणि खळ्यात उघड्यावर ठेवला. ताज्या बाजूच्या रंगाची पट्टी मिसळून वहीत लावली. दर महिन्याला लावायची, काय होतं बघू.

१८ फेब्रुवारी

ट्यूबमधले तांबडे जमेनात. कॅडमियम रेड किंचाळतो. ‘इंडियन रेड’ नाव मोठं देशी, पण हल्ली तो कारखान्यातलं लोह ऑक्साइड असतो आणि जरा जास्तच थंड पडतो. शेवटी खाणीतलाच भुगा घरी आणला.

कृती लिहून ठेवते, पुढच्या वेळी विसरेन. भुगा खलबत्त्यात कुटायचा, मलमलीतून चाळायचा. बादलीत पाण्यात ढवळायचा आणि जरा थांबायचं. वाळू लगेच खाली बसते, मग वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. पुन्हा तेच. तिसऱ्या भांड्यात रात्रभर जो साका बसतो तो रंग. तो वाळवून काचेवर बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटायचा, थोडा मध, बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन थेंब. घोटायला दगडी वरवंटा चालतो, काकीने मात्र स्वयंपाकघरातला द्यायला साफ नकार दिला.

पिवळी माती वेगळी वेचली होती, ती लोखंडी तव्यावर भाजली. गोएथाइटमधलं पाणी उडालं की त्याचं हेमटाइट होतं, म्हणजे पिवळ्याचा तांबडा. रॉ सिएनाचा बर्न्ट सिएना होतो तोही याच वाटेने. पुस्तकात हे पन्नासदा वाचलंय, पण चुलीवर समोर तव्याच्या कडेपासून तांबडेपणा आत सरकताना बघितला तेव्हा हातातला उलथणा तसाच राहिला.

शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. “चिरो लोक घराक लावतत, तू कागदाक लावतंस काय गो?”

२ मार्च

काकांना दोन अभ्यासचित्रं दाखवली. त्यांनी एकावर बोट ठेवलं, खाणीच्या तांबड्या चौकोनावर नाही, तर त्याच्या बाजूला मी सहज पसरलेल्या तांबूस छटेवर. सड्याचा पृष्ठभाग मला सगळीकडून थोडा तांबडा वाटला होता म्हणून.

“ह्या चुकला. हय तांबडा नाय. आमच्या ल्हानपणी सड्यार तांबडा काय्येक नव्हता. सगळो काळो कातळ.”

मग संध्याकाळी सड्यावर मुद्दाम तेच शोधत फिरले. काका म्हणतात ते खरं आहे. न हात लावलेला कातळ उन्हाळ्यात काळा-करडा असतो, त्याच्यावर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीवांची वर्षानुवर्षांची साय असते. तांबडं दिसलं ते कुठे : खाणीत, गाडीच्या चाकोरीत, विहिरीच्या उपशात, नव्या रस्त्याच्या कापात, एका घराच्या पायात. जिथे जिथे कुणीतरी खणलंय, घासलंय, फोडलंय. एकच अपवाद सापडला, कड्याच्या तोंडाशी सुटलेली दरड.

म्हणजे ‘कोकणची तांबडी माती’ म्हणून आपण जे रंगवत आलो त्यातलं सड्यावरचं तांबडं हे बहुतेक माणसाने उघडलेलं आहे. मालिकेचं सूत्र हातात आलं असं वाटतंय. तांबडा रंग फक्त माणसाचा हात लागला तिथेच वापरायचा. आभाळाच्या खालच्या कडेला नाही, झाडाच्या बुंध्यात ऊब आणायला नाही, सहीलाही नाही.

१० मार्च

कुडोपीच्या सड्यावर जाऊन आले, कातळशिल्पं बघायला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या अशा ठिकाणांचा गट २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कुडोपी आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती पूर्वी पाहिला होता. सुमारे अठरा मीटर लांब, पोटात इतर प्राणी. उभं राहून तो दिसतच नाही, त्याच्यावरून चालत असता आणि कळतही नाही.

आज मुद्दाम रंग बघायला गेले होते. रेघा कोरलेल्या आहेत, म्हणजे तिथे कधीतरी साय फोडून आतला दगड उघडा पडला. कोरला त्या दिवशी काळ्या कातळावर ही रेघ तांबडी लखलखीत असणार, आमच्या खाणीच्या काठासारखी. आज ती आजूबाजूच्या कातळाइतकीच काळी आहे. दुपारी बाराला तर सगळं सपाट, काहीच दिसेना. साडेपाचनंतर ऊन तिरपं झालं तेव्हा खोबणीत सावली भरली आणि आकृत्या वर आल्या.

तर माझ्या सूत्रात सुधारणा. तांबडा म्हणजे माणसाचा *अलीकडचा* हात. जुना हात काळा होतो, मग तो रंगाने ओळखता येत नाही, फक्त सावलीने.

याच्या नेमकं उलट कावीकामात असतं. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देतात आणि तो ओला असताना खरवडून खालचा पांढरा काढतात. तिथे तांबडा पसरलेला आणि माणसाची रेघ पांढरी. चित्र क्र. ३ साठी टिपून ठेवते, कदाचित खाणीचे यंत्रकाप कावीसारखे कागद खरवडूनच काढता येतील.

१३ मार्च

काढता आले. ब्लेडच्या टोकाने. कागद दोनदा फाटला, तिसऱ्यांदा जाड सूती कागद घेतला तेव्हा जमलं. क्र. ३ झालं.

२८ मार्च

भाजावळीचे दिवस. तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या जमिनीवर कवळं (झाडांच्या छाटलेल्या फांद्या), शेण, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर पसरून जाळतात. डोंगरउतारावर काळे आयत दिसतात, शाईचा ठसा मारल्यासारखे. इथे काळा हा नव्या हाताचा रंग आहे, कातळावर तो जुनेपणाचा. एकाच चित्रात दोन काळे, अर्थ उलटे. वेगळे कसे दाखवणार?

कवळाच्या निमित्ताने आणखी एक. ऐन-किंजळांच्या फांद्या दरवर्षी छाटतात, त्यामुळे ती झाडं वरपासून खालपर्यंत खांबासारखी झाली आहेत, अंगाला चिकटलेली पानं. मी पहिल्या चित्रात (जे फाडलं) त्यांना गोलसर डेरेदार घुमट दिले होते. इतकी वर्षं ज्या झाडाखाली वाढले त्याचा आकारसुद्धा मी कधी पाहिला नव्हता, चित्रकलेच्या पुस्तकातला चिकटवत होते.

भाजावळीतला कोळसा पिशवीभर आणला. कातळाची काळी साय खरवडून रंग निघेना, निघाली फक्त मळकट करडी भुकटी. त्यामुळे दोन्ही काळ्यांसाठी रंग हाच कोळसा. फरक लावण्यात करायचा. कातळाला पाणीदार अनेक थर, भाजावळीला एकच कोरडा, कडा न विरघळवता.

५ एप्रिल

कोळशाचा शुद्ध करडा थर खाणीच्या तांबड्याला लागून दिला, तर तो हिरवट दिसायला लागला. ब्रश धुतला, पाणी बदललं, तरी हिरवट. मग डोक्यात प्रकाश पडला. शेव्रोल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या चित्रगालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता, तिथे काळ्या सुताचा काळा फिका दिसतो अशी तक्रार आली. सूत ठीक होतं. शेजारचे रंग त्याला फिका करत होते. त्यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. तांबड्याशेजारी करड्यात डोळाच हिरवा भरतो.

शेवाळाचा हिरवा लावायचा होता, तो लावायची गरज उरली नाही. फुकट मिळाला.

१६ एप्रिल

सूत्राला तडा.

काकांच्या बागेत हापूसची तोड चालू आहे. कागद घेऊन बसले आणि ठरल्याप्रमाणे खाण नाही, रस्ता नाही, म्हणून तांबडा वर्ज्य. नुसतं हिरवं चित्र. “निसर्ग” असं शीर्षकही मनात येऊन गेलं, लाज वाटते लिहायला.

काकांना विचारलं, या सड्यावर कलमं रुजतात कशी? माती तर वीतभरही नाही. ते हसले. सुरुंग लावून कातळात खड्डे पाडले, खालच्या वाडीतून माती आणून भरली, पहिली काही वर्षं डोक्यावरून पाणी घातलं. “ह्या कलमांखालची माती मिया इकत घेतलंय गो. तुका वाटला आपसूक इला?”

म्हणजे या सड्यावर सगळ्यात मोठा हस्तक्षेप हिरवा आहे. खाणीपेक्षा पसरट, खाणीपेक्षा खोलही असेल, पण हिरवा असल्यामुळे आपल्याला तो ओरखडा वाटत नाही. खाण बघून मी हळहळते आणि बाग बघून रंगांची पाटी उघडते. दोन्हीकडे कातळच फोडलाय. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, हेही या वहीत एकदा लिहून ठेवायला हवं होतं.

चित्र अर्धवट ठेवलं.

२० एप्रिल

हिरव्याचं काय करायचं यावर चार दिवस. खाणीत हिरवी माती नाही. हिरवी माती घाटावरच्या काळ्या पत्थराच्या मुलखात मिळते, बेसॉल्टच्या पोकळ्यांतलं सेलॅडोनाइट. अजिंठ्याच्या भिंतींवरचा हिरवा तसल्याच मातीचा. जांभ्याच्या सड्याकडे स्वतःचा हिरवा रंगच नाही.

मग असं ठरवलं की तांबडा, पिवळा, पांढरा, काळा सड्यावरचे, आणि कलमांचा हिरवा सरळ दुकानातून आणलेल्या ट्यूबचा, थॅलो ग्रीन, जवळजवळ न मिसळता. बाहेरून विकत आणलेल्या मातीला बाहेरून विकत आणलेला रंग. बघणाऱ्याला हे कळेल असं नाही. पण थॅलोचा तो गार, काचेसारखा हिरवा बाकीच्या मातकट रंगांत मिसळून जात नाही, वेगळा उभा राहतो, तेवढं डोळ्याला लागलं तरी पुरे.

३ मे

एका चित्रकार मैत्रिणीने फोटो बघून कळवलं : हिरवा फार कच्चा आहे, जरा ब्राऊन टाक, एकजीव होईल. अगदी कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकाराची गोष्ट. सर जॉर्ज बोमाँट या त्याच्या हितचिंतकाचं मत होतं की निसर्गचित्राचा रंग जुन्या व्हायोलिनसारखा तपकिरी असावा. कॉन्स्टेबलने एक व्हायोलिन आणून घरासमोरच्या हिरवळीवर ठेवलं.

मी तिला हापूसच्या पानाचा फोटो पाठवला. अजून उत्तर नाही.

११ जून

पाऊस लागला. पहिल्या सरींना खाणीतला भुगा वाहून व्हाळ (ओढा) तांबडा झाला आणि खाली भाताच्या दोन कुणग्यांत शिरला. तरवा तांबड्या पाण्यात उभा. घाईत तीन स्केच, छत्री धरायला काकीचा नातू, मजुरी एक आइस्क्रीम. तिन्हीतलं एक बरं आहे.

चिऱ्याची पट्टी : चारच महिने झाले, वरची बाजू ओली असताना नक्की किती बदलली कळत नाही. वाळल्यावर लावायची होती, वाळलीच नाही.

२४ जुलै

बंद पडलेल्या जुन्या खाणीत पाणी साचलंय. दुधी-हिरवं, काठाला तांबडी किनार. वरून इतकं देखणं दिसतं की दोन पोरं मोबाइलवर फोटो काढत होती, तळं म्हणून. तिथे कुंपण नाही. भिंत सरळ खाली जाते.

रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकन कलाकाराच्या ‘स्पायरल जेट्टी’ची आठवण झाली. अमेरिकेत युटामध्ये, ग्रेट सॉल्ट लेकच्या उत्तर भागात १९७० साली त्याने काळे दगड आणि माती टाकून सुमारे १,५०० फुटांचा वळसेदार बांध घातला. तिथलं पाणी तांबूस होतं म्हणून त्याने ती जागा निवडली. ते पाणी तांबूस कशाने, तर मिठात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी. आणि मीठ इतकं का वाढलं, तर १९५९ मध्ये रेल्वेचा भराव टाकून सरोवराचे दोन भाग केले आणि उत्तर भागाला गोडं पाणी कमी पोचू लागलं. चित्रकार जी पार्श्वभूमी म्हणून निवडतो तिच्यावर आधीच कुणीतरी काम करून गेलेलं असतं. (आपल्या लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात असेच मीठप्रेमी जीव सापडले होते. रंग करणारे तेच, भानगड वेगळी.)

क्र. ७ या तळ्याचं. पाण्याच्या हिरव्यात थॅलो घातला नाही, तो कलमांचा.

१९ ऑगस्ट

सड्यावर फुलं. गेंदांचे पांढरे ठिपके, कवल्याचा पिवळा, ओलाव्याला सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. पंधरवड्याचा खेळ. इथे कुणाचाच हात नाही म्हणून खुशीत बसले, तेवढ्यात गुरं आली आणि त्यांच्या वाटेने फुलांचा गालिचा बरोबर दोन भागांत कापला होता हे दिसलं. ती वाट गाळायचा मोह प्रचंड झाला. गाळली नाही. चित्र त्यामुळे बिघडलं असं माझं प्रामाणिक मत आहे, पण मालिकेत राहील.

८ सप्टेंबर

क्र. ८ तिसऱ्यांदा फसलं. महामार्गाच्या चौपदरीकरणाचा काप. तांबडाच तांबडा. कागदभर तांबडा दिला की तो तांबडा दिसेनासाच होतो, नुसती विटकरी भिंत. कडेला काळ्या कातळाची बोटभर पट्टी ठेवली तेव्हा कुठे काप ‘कापलेला’ दिसला. तरी प्रमाण चुकलंय. सोडून दिलं.

२० ऑक्टोबर

ऊन आलं, चिरा पूर्ण वाळला. वहीतल्या पट्ट्या ओळीने लावून बघितल्या. फेब्रुवारी ते मे जवळजवळ एकच रंग, थोडा फिकट होत गेलेला. मग पावसाळ्याची ओली, अर्धवट गोंधळलेली पानं. आजची पट्टी मिसळायला बसले तर नुसत्या खाणीच्या मातीने जमेना. वरच्या पृष्ठावर काळपट-हिरवा पातळ पापुद्रा चढलाय, खोबणींत जास्त, उंचवट्यांवर कमी. तांबड्यात भाजावळीचा कोळसा घालत गेले, साधारण पाचाला एक झाला तेव्हा जुळला.

चिरा उलटा केला. जमिनीकडची बाजू फेब्रुवारीत होती तशीच तांबडी, मधे एक गोम.

काका कुंपणाशी होते. “अजून धा पावसाळे ठेव,” म्हणाले, “मगे काळो रंग इकत घेवची गरज नाय.”

कोळसा मी विकत घेतलेला नाही हे त्यांना सांगायचं राहिलं. चिरा उलटाच ठेवलाय, आता ती बाजू वर. उद्यापासून क्र. ९.